एक वाजून दोन मिनिटांची नोंद

"आठवत नाही," माजी अर्थमंत्री म्हणाले, आणि आमच्या हिची पेन्सिल कागदावर इतकुशी हलली.

त्या सकाळचं हे एकतिसावं 'आठवत नाही' होतं. मी मोजत होतो, कारण प्रेक्षकांच्या बाकावर बसून दुसरा उद्योग नव्हता. ही मोजत नव्हती. पहिल्या दिवशी ते दोन शब्द पुरते लिहून लिहून हिचं मनगट भरून आलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी हिने शॉर्टहँडमध्ये त्यांच्यासाठी स्वल्पविरामाएवढी एक खास खूण तयार केली. साक्षीदाराची सोय सगळेच बघत होते, निदान हिने स्वतःची बघितली.

आमची ही सरकारी लघुलेखिका. चौकशी आयोगासमोर जो जे बोलेल ते शब्द न शब्द उतरवून घ्यायचं, दुपारून त्याची टंकलिखित प्रत काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळ्या पक्षांना वाटायची, हे तिचं काम. चौतीस वर्षांत तिच्या एकाही प्रतीला दुरुस्तीपत्रक जोडावं लागलेलं नाही. मी शाळेत पीटी मास्तर होतो. निवृत्त झाल्यापासून हिचा डबा पोचवतो आणि पोचवलाच आहे तर बसतो, असं मी सगळ्यांना सांगत असे.

खरं कारण वेगळं होतं. ते आमच्या घरातल्या मागच्या खोलीत शिलाई मशीन चालवत बसलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी चार बँकांनी एकाच आठवड्यात काखा वर केल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधीच्या रविवारी हेच अर्थमंत्री टीव्हीवर आले. एकेका माणसाची एकेक ठेव सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका, असं म्हणाले. लगेच माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताईचं शिवणकामाचं दुकान होतं, चाळीस वर्षं मशीनवर वाकून जे साठलं ते त्यातल्याच एका बँकेत होतं. तिने विचारलं, उद्या जाऊन काढून घेऊ का? मी मैदानावरच्या आवाजात म्हणालो, "अगं, मंत्री स्वतः सांगतोय. वेड लागलंय का तुला? गपचूप घरी बस." ताई घरी बसली. बुधवारी बँका बंद झाल्या, महिन्याभरात दुकान गेलं, आणि ताई मशीन घेऊन आमच्याकडे राहायला आली.

त्यावर ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त शिवत राहिली. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, मग माझ्या सगळ्या पँटी तिने मापात आणल्या, इतक्या की आता मला वाकून बूट बांधता येत नाहीत. त्या खडखडाटात मी दोन वर्षं एकाच प्रश्नावर अडलो होतो. त्या रविवारी या माणसाला माहीत होतं की नव्हतं? नसेल, तर तो एक मूर्ख आणि त्याचं ऐकून ताईला बसवणारा मी दुसरा. असेल, तर मी फसवला गेलो. या वयात माणसाला मूर्ख ठरण्यापेक्षा फसवलं गेलेलं परवडतं.

आयोगाचाही प्रश्न हाच होता. फक्त त्यांनी तो नऊ परिच्छेदांत घातला होता.

तर त्या दिवशी एक वाजला आणि दिवे गेले. हे रोजचंच होतं. बँका बुडाल्यावर सरकारने काटकसरीचं परिपत्रक काढलं. दुपारी एक ते दोन सरकारी इमारतींतले दिवे आपोआप बंद, लिफ्ट फक्त सम मजल्यांवर थांबणार, आणि नवी पेन्सिल हवी असेल तर जुनीचं थोटूक जमा करायचं. सुनावण्या ध्वनिमुद्रित करणाऱ्या कंपनीचं कंत्राटही त्यातच रद्द झालं. आयोगाला हॉल मिळाला तो तळघरातला, खिडकी नसलेला, कारण त्याला भाडं नव्हतं. परिपत्रकावर सही होती या माजी अर्थमंत्र्यांचीच. पद सोडण्याआधी त्यांनी देशासाठी केलेलं ते शेवटचं काम.

काळोखात खुर्च्या सरकल्या. आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. ते कामकाज स्थगित करण्याऐवजी टेबलावर हात फिरवत चष्मा शोधत बसले. मी पायाने डबा चाचपत होतो. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. पुढे कुणीतरी हलक्या आवाजात काही बोललं, ते मागे आमच्यापर्यंत पोचलं नाही. चार मिनिटांनी अध्यक्ष म्हणाले, "कामकाज स्थगित," आणि मग आम्ही भिंतीला धरून बाहेर पडलो.

त्या संध्याकाळी हिने मला विचारलं, "अहो, दिवे गेल्यावर तुम्ही काही ऐकलंत का?"

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, कामातलं हिने मला कधी काही विचारलं नव्हतं. दिवसभर कान वापरल्यावर घरी ती ते बंदच ठेवते. माझी निम्मी वाक्यं त्यामुळे वाया जातात. मी म्हणालो, कुणाचं तरी पोट ऐकलं. तिने गंभीरपणे मान हलवली.

काय घडलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी, प्रती वाटल्यावर, सचिवांमुळे कळलं. आयोगाचे सचिव सज्जन गृहस्थ होते, त्यांना पित्ताचा त्रास होता आणि आयोगाने तो वाढवला होता. ते संध्याकाळी थेट घरी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि पाणी मागून घेतलं.

त्यांच्या सांगण्याचा सारांश असा. लघुलेखकांचा एक नियम आहे, अध्यक्ष 'स्थगित' म्हणेपर्यंत पेन्सिल थांबत नाही. हा नियम अर्थात उजेड गृहीत धरून केलेला आहे. पण बाईंनी ती चार मिनिटं काळोखात लिहून काढली. साक्षीदाराची खुर्ची बाईंपासून दीड हातावर आहे. मंत्रिमहोदयांना वाटलं दिवे गेले म्हणजे कामकाज संपलं, आणि ते आपल्या वकिलांना खासगीत दोन शब्द बोलले. ते दोन शब्द आता एकशे बाराव्या पानावर आहेत आणि वकील थयथयाट करताहेत.

"तुम्ही ऐकलंत आणि लिहिलंत?" मी हिला विचारलं.

"मी कुठे ऐकते? हात ऐकतो," ही म्हणाली. "मला दुपारी टाइप करताना कळलं. एका ओळीवर दुसरी ओळ चढली होती, सोडवायला वीस मिनिटं लागली."

सचिवांनी खिशातून एक कागद काढला. त्यांनी हिची सोय करून आणली होती, फक्त सही हवी होती. कागदावर एकच वाक्य होतं. काळोखामुळे ऐकण्यात चूक झाली असल्याची शक्यता नाकारता येत नाही. सही केली की पान बदलता येईल, कुणाला त्रास नाही. नाही केली तर वकील हिच्या चौतीस वर्षांच्या सगळ्या नोंदींवर शंका घेतील, आणि वर अतिरिक्त कर्मचाऱ्यांची यादी तयार होतेच आहे, हे त्यांनी खाली बघत सांगितलं.

हिने कागद दोनदा वाचला. "हे वाक्य कोण बोललं?"

"कोणी नाही. मी लिहिलंय."

"मग मी कशी सही करू? कोणी बोललेलंच नाही, तर त्याची नोंद माझ्या हातून कशी होईल?"

सचिवांनी आणखी पाणी मागितलं. ते द्यायला ताई बाहेर आली. मागच्या खोलीतलं मशीन केव्हाच थांबलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिने पेला त्यांच्या हातात दिला आणि हिच्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"सांगता येणार नाही, ताई. नोंद अजून मंजूर झालेली नाही."

"मी घरातली आहे."

"म्हणूनच नाही सांगता येत."

ताईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मान डोलावली आणि आत गेली. मशीन पुन्हा सुरू झालं. सचिव गेल्यावर मी हिच्या खूप विनवण्या केल्या, निदान होय की नाही एवढं सांग म्हणालो, रुसून पाहिलं. तिने कान बंद केले होते. मी रागावलो, हे लपवत नाही. माझ्या घरात, माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या दोन वर्षांचं उत्तर पेपर वाचत बसलं होतं आणि मला मिळत नव्हतं.

सही झाली नाही. तिसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. वकील अर्धा तास बोलले. काळोखात माणसाला स्वतःचं नाव सरळ लिहिता येत नाही, मग या बाईंनी, या वयात, कुजबुज कशी टिपली? ही कल्पनेची भर आहे. चौतीस वर्षांत अशी भर आणखी कुठे कुठे पडली असेल, कोण सांगणार? ही ते सगळं लिहून घेत होती. 'या वयात' सुद्धा.

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. एकला पाच कमी होते. ते म्हणाले, "मग करून बघू. दिवे जातीलच. सगळ्यांनी नेहमीसारखं बसावं, नेहमीसारखं बोलावं. मी थांबा म्हणेपर्यंत बाई लिहितील."

दिवे गेले. इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर मुलं बसतात तशी सगळी मोठी माणसं गप्प झाली. पण गप्प बसणं माणसाला फार वेळ जमत नाही. अर्ध्या मिनिटात कुठे खोकला, कुठे कुजबुज, मग सगळीकडे बारीक गलका सुरू झाला. मी पण शेजारच्याला काहीतरी बोललो. तीन मिनिटांनी अध्यक्ष थांबा म्हणाले. वाचायला उजेड हवा म्हणून सगळा आयोग, साक्षीदार, वकील आणि आम्ही जिना चढून वर व्हरांड्यात आलो. ही खिडकीपाशी उभी राहिली, वही थोडी तिरकी धरली आणि वाचू लागली. तिचा वाचनाचा आवाज म्हणजे रेल्वेच्या घोषणेचा. त्यात राग नाही, लोभ नाही.

"सचिव, स्वतःशी. गोळी घ्यायची राहिली. वकील, सहायकाला. बघ, म्हातारीला चार ओळीही लिहिता येणार नाहीत. प्रेक्षकांतून एक स्त्री. माझा पाय आहे तो. प्रेक्षकांतून एक पुरुष. हिला अंधारात दिसतं हे लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं कुणी. अध्यक्ष. बूट जरा काढतो, अंधार आहे तोवर. माजी अर्थमंत्री. मौन."

व्हरांड्यात हसू फुटलं. 'प्रेक्षकांतून एक पुरुष' म्हणजे मी, हे सांगायला नको. तेहतीस वर्षांच्या संसाराचा तिने एका ओळीत निकाल लावला होता. अध्यक्षांनी खाली पाहिलं. ते मोज्यांवरच जिना चढून आले होते. त्यांनी त्याच मोज्यांवर उभं राहून निर्णय दिला, एकशे बाराव्या पानावरची नोंद मंजूर. ज्याने लिहिली त्याने ती मोठ्याने वाचावी.

हिने पानं मागे उलटली. त्याच आवाजात वाचलं.

"एक वाजून दोन मिनिटं. माजी अर्थमंत्री, वकिलांना. अहो, शुक्रवारीच कळलं होतं मला, चारही बुडणार म्हणून. रविवारचं भाषण काय, दोन-तीन दिवस लोक घरी बसावेत म्हणून. आणि बसले की. हसतात."

मग वकील पुढे झाले आणि म्हणाले, निदान 'हसतात' तरी वगळावं. हसणं म्हणजे साक्ष नव्हे. अध्यक्षांनी हिच्याकडे पाहिलं.

"ते हसले म्हणून लिहिलं," ही म्हणाली. "खोकले असते तर खोकतात लिहिलं असतं."

'हसतात' राहिलं. अध्यक्षांनी माजी अर्थमंत्र्यांना विचारलं, आपण हे बोललात का? त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघून सांगितलं की आठवत नाही. हिने स्वल्पविरामाएवढी खूण केली.

मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की सुटल्यासारखं वाटेल. वाटलंही, क्षणभर. मी मूर्ख नव्हतो. मग ते 'आणि बसले की' आत उतरलं. आमची ताई त्या सोमवारी बँकेत न जाता, मी सांगितलं म्हणून, घरात हातावर हात ठेवून बसली होती, आणि हा माणूस त्यावर हसला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पीटी मास्तरला असं चारचौघांत शोभत नाही, म्हणून मी डबा उघडून त्यात बघत राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. आयोगाचा अहवाल गेला, सरकारने त्याची गंभीर दखल घेतली आणि दखल घेऊन झाल्यावर तो कपाटात ठेवला. माजी अर्थमंत्र्यांना पक्षाची एक समिती सोडावी लागली, खटला दाखल झाला, त्यांचे वकील तारखा मागताहेत. ताईच्या बँकेतून काही परत मिळवून देणं आयोगाच्या अधिकारात नव्हतंच, तसं अध्यक्षांनी स्वच्छ सांगितलं. हिचं नाव अतिरिक्त कर्मचाऱ्यांच्या यादीत पहिलं आलं. तिची बदली वजन-मापांच्या कार्यालयात झाली. तिथे लिहून घेण्यासारखं कोणी काही बोलत नाही, दिवसभरात फार तर 'दार लावून घ्या' म्हणतात.

पण बदलीआधी तिला पंधरा दिवस आयोगाचं दप्तर आवरायला दिले होते. मंजूर झालेल्या कुठल्याही पानाची सही-शिक्क्याची प्रत कुणीही नागरिक अर्ज करून मागू शकतो, असा एक नियम आहे. प्रत देण्याआधी ज्याने नोंद लिहिली त्याने ती मूळ वहीशी ताडून अर्जदारासमोर मोठ्याने वाचायची आणि मग सही करायची. हा नियम कुणाच्या लक्षातही नव्हता. पहिल्या दिवशी चार माणसं आली. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर रांग तळघरापासून जिन्यावरून फाटकापर्यंत आली होती. सगळे एकशे बारावं पान मागत होते. सचिव रांगेला पाणी वाटत होते.

रांगेत ताई उभी होती. सकाळी जरा काम आहे म्हणून घरातून निघाली होती, इस्त्रीचे कपडे, हातात अर्ज.

"अगं ताई, ही घरी घेऊन येईल की तुझी प्रत," मी म्हणालो.

"घरी नको," ताई म्हणाली. "तू तुझा डबा दे आणि बाजूला हो. मागे माणसं आहेत."

मी बाजूला झालो आणि दारापाशी थांबलो. दोन तास गेले. ताईचा नंबर आला तेव्हा हिने वर पाहिलं नाही, निदान तसं दाखवलं.

"नाव?"

ताईने पूर्ण नाव सांगितलं.

"काम?"

"शिवणकाम. चाळीस वर्षं."

हिने लिहून घेतलं. 'चाळीस वर्षं' रकान्यात मावत नव्हतं, तरी लिहिलं. मग वही पुढे ओढली आणि वाचलं, एक वाजून दोन मिनिटांपासून 'हसतात' पर्यंत, इतरांना वाचलं तसंच. ताई टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून ऐकत होती.

"बाई, ते घरी बसल्याचं पुन्हा एकदा वाचता का?" ती म्हणाली. तिने आजवर माझ्या बायकोला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

हिने पुन्हा वाचलं. मग सही केली, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि दोन्ही हातांनी तो ताईला दिला. असं ती कुणालाच देत नव्हती.

ताई बाहेर माझ्यापाशी आली. कागद तिने पुढे धरला होता, त्याला घडी घातली नव्हती.

"त्याला शुक्रवारी कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू मला रविवारी सांगितलंस."

"हो, ताई."

"मग तुझा काय दोष त्यात? दोन वर्षं मशीनवर बसून मी तेच जुळवत होते. मला वाटायचं, तुला विचारावं, पण तू आधीच रडवेला व्हायचास."

ताईने माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही जिन्याच्या कडेने, रांगेला वाट देत, हळूहळू वर निघालो. खाली हिने पुढच्या माणसाला बसायला सांगितलं होतं. त्याचं नाव काय, तो काम काय करतो, हे ती विचारत होती आणि तो सांगेल तसं लिहून घेत होती.